देवाला कौल लावणे आणि देवाच्या साक्षीने निर्णय घेणे: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पंच, यात्रा कमिट्या आणि घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कौल लावतात म्हणजे नेमके काय करतात?

सकाळची पूजा झाल्यावर गुरव किंवा पुजारी देवाच्या अंगावर उजव्या आणि डाव्या बाजूला, ठरलेल्या जागी, ओल्या पाकळ्या लावतो. काही गावांत तांदळाचे दाणे लावतात, काही ठिकाणी पाने. मग गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालतात, प्रश्न मांडतात आणि सगळे गप्प उभे राहून वाट बघतात. देवाची उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, अशी सर्वसाधारण रीत आहे. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या गावांतही देवाने उजवीकडचे फूल दिले म्हणजे काम करावे असेच मानतात. जागा किती, पाकळी कोणत्या फुलाची, वार कोणता, हे गावागणिक बदलते. दुसऱ्या गावची रीत आपल्या गाभाऱ्यात आणू नये. आपल्या जुन्या मानकऱ्यांना आणि गुरवाच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ती एकदा वहीत लिहून ठेवावी. जाणते माणूस गेले की रीत अर्धी राहते आणि मग तिच्यावरूनच भांडणे लागतात.

कशासाठी कौल लावावा आणि कशासाठी लावू नये?

दोन्ही वाटा धर्माच्या आहेत, दोन्हींत कुणाचे नुकसान नाही, माणसांनी जेवढा विचार करायचा तेवढा करून झाला आहे आणि तरी गाव ठाम होत नाही, अशा वेळी कौल लावावा. यात्रा यंदा करायची की पुढच्या वर्षी, जीर्णोद्धाराला आता हात घालायचा की दोन हंगाम थांबायचे, हे कौलाचे प्रश्न आहेत.

चोरी कुणी केली, करणी कुणी केली, पोर कुणाचे, बांध कुणाचा, हे नव्हेत. बांधाला मोजणी आहे, चोरीला पोलीस ठाणे आहे, आजाराला डॉक्टर आहे. देवासमोर एखाद्या माणसाचे नाव घेऊन त्याला दोषी ठरवायचे आणि शिक्का देवाचा मारायचा, हे पाप आहे असे आम्ही स्पष्ट म्हणतो. अशा कौलातून वाळीत टाकलेल्या घराला पुढे दोन पिढ्या गावात मान वर करता येत नाही.

प्रश्न कसा मांडायचा?

बिघडलेल्या कौलांपैकी बहुतेक इथेच बिघडलेले असतात, म्हणून यावर वेळ घालवा. प्रश्न आदल्या रात्री कागदावर लिहा. एका वाक्यात एकच गोष्ट असू द्या. ‘यंदा यात्रा करून नवा रथ बांधायचा का?’ या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत. उजवी पडली तर यात्रेला होकार की रथाला, यावर वर्षभर वाद चालेल.

दुसरे, प्रश्नात उत्तर दडवू नका. ‘आई, तुझी यात्रा इतकी वर्षे राहिली, तू रागावली आहेस, तर करायची ना?’ असे विचारणाऱ्याने निर्णय आधीच घेतलेला असतो. साधे बोला: ‘यंदा यात्रा करावी असे गावाच्या मनात आहे. करायची असेल तर उजवी दे, थांबायचे असेल तर डावी दे.’ दोन्ही बाजूंना काय होणार ते मोठ्याने सांगितले पाहिजे. नकार आला तर पुढे काय, हेही आदल्या बैठकीतच ठरलेले असावे. ‘नकार आला तर बघू’ असे म्हणणाऱ्या कमिटीने अजून कौलाला जाऊ नये, कारण नकार ऐकायची तिची तयारी झालेली नाही.

तिसरे, जे आकड्यांनी कळते ते देवाला विचारू नका. मंडपाचा खर्च किती, घरटी वर्गणी किती बसेल, विहिरीचे पाणी मेअखेर पुरेल का, टँकर किती लागतील, हा हिशेब आधी मांडा. हिशेबच सांगत असेल की यंदा जमणार नाही, तर कौलाची गरज उरत नाही.

गाऱ्हाणे कुणी घालायचे? मराठीत की कन्नडमध्ये?

रीतीप्रमाणे ज्याचा मान आहे त्याने घालावे. पण निर्णयाची झळ ज्यांना लागणार ते सगळे हजर असले पाहिजेत, नुसते पंच नव्हेत. लक्ष्मीच्या यात्रेत घराघरांत पाहुण्यांच्या पंगती उठवतात त्या बायका. त्यांना न विचारता यात्रा ठरवणे आम्हाला मुळातच चुकीचे वाटते.

भाषेचे उत्तर सोपे आहे. गावात दोन्ही भाषा बोलणारी घरे असतील तर प्रश्न दोन्ही भाषांत म्हणा, आधी एकीत, मग दुसरीत, आणि अर्थ तोच आहे याची खात्री दोन्हीकडच्या एकेका माणसाने करावी. देवीच्या दारात भाषेचा वाद आणू नका. या भागातल्या माणसांना तो बाहेर पुरेसा आहे.

दोन्ही पाकळ्या पडल्या, किंवा एकही पडली नाही तर?

किती वेळ थांबायचे ते आधी ठरवा. घड्याळ लावा, किंवा जुनी रीत असेल तर आरती संपेपर्यंत. तेवढ्यात एकही पडली नाही तर देवाने आज उत्तर दिले नाही, असेच समजावे आणि प्रश्न घेऊन बैठकीत परत जावे. पुष्कळदा तिथे लक्षात येते की प्रश्नच अर्धवट होता. दोन्ही एकदम पडल्या तरी तसेच करावे. ‘अमकी किंचित आधी हलली’ असे शोधत बसू नये. दोघांनी दोन गोष्टी पाहिल्या की कौलाऐवजी तंटा होतो.

मनासारखा कौल आला नाही. परत लावावा का?

नाही. त्याच प्रश्नावर, त्याच परिस्थितीत परत विचारणे म्हणजे होकार मिळेपर्यंत देवाला छळणे. परिस्थिती खरोखर बदलली, म्हणजे पाऊस झाला, पैसा उभा राहिला, विरोध करणारे घर राजी झाले, तर नवा प्रश्न घेऊन पुढच्या हंगामात जा. एका सकाळी तीनदा लावलेल्या कौलाला गावात कुणी मान देत नाही, आणि तिसऱ्या वेळी आलेला होकार पुढे कुठल्याही अडचणीत टिकत नाही.

पाकळी पाण्याने चिकटते आणि वाळली की सुटते. मग यात देव कुठे आला?

पाकळी पाण्याने चिकटते हे प्रत्येक गुरवाला माहीत असते. म्हणूनच दोन्ही बाजूंना सारखेच पाणी, सारख्याच आकाराच्या, एकाच फुलाच्या पाकळ्या लागतात. गाभाऱ्यातला पंखा बंद हवा, दाराशी गर्दी नको, एका बाजूला समईची धग नको. एक पाकळी जाड आणि ओली, दुसरी सुकलेली, असा कौल माणसाने आधीच देऊन टाकलेला असतो.

देव पाकळीत आहे की नाही यावर वाद घालणाऱ्यांना आम्ही अडवत नाही. आमची श्रद्धा अशी की, माणसांनी आपापला हट्ट खाली ठेवून, हात जोडून, एकत्र उभे राहून विचारले तर देव त्या उभे राहण्यातच असतो. पाकळी ही निमित्त. हट्ट खाली ठेवलेलाच नसेल तर पाकळी कुठेही पडो, उपयोग नाही.

पाकळीऐवजी चिठ्ठ्या टाकल्या तर चालतील?

चालतील. ज्या देवळात कौलाची रीत नाही तिथे चिठ्ठ्याच बऱ्या. एकाच कागदाचे सारखे तुकडे, एकच पेन, सारख्याच घड्या. लिहिणारा एक, घडी घालणारा दुसरा, उचलणारे लहान मूल. आणि एक गोष्ट कधीही चुकवू नका: उचललेली चिठ्ठी वाचल्यावर राहिलेलीही सर्वांसमोर उघडा. दोन्हींवर एकच उत्तर लिहिल्याचा संशय तिथल्या तिथे मिटतो.

अंगात आलेल्या माणसाचे बोलणे देवाचे मानावे का?

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या, चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत अंगात येणारी माणसे दिसतात आणि लोक श्रद्धेने पाया पडतात. त्या श्रद्धेचा अपमान करायचा नाही. पण निर्णय त्या बोलण्यावर घेऊ नये. बोलण्यात कुणाचे नाव आले, पैसा मागितला, भीती घातली, ‘आजच करा, नाहीतर’ असे आले, तर ते बाजूला ठेवा. भूत उतरवायचे म्हणून मारहाण, चटके, उपाशी ठेवणे हा गुन्हा आहे. कर्नाटकात त्यासाठी २०१७ चा कायदा आहे. अशा माणसाला आधी दवाखान्यात न्या.

देवाच्या नावाने कायद्याबाहेरचे मागणे आले तर?

देवाच्या नावाने मुलगी सोडणे, म्हणजे तिला देवदासी करणे, हा कर्नाटकात १९८२ च्या देवदासी कायद्यापासून गुन्हा आहे. आईबाप किंवा नातेवाईक यात असतील तर त्यांनाही शिक्षा होते. जट आली, नवस होता, स्वप्नात देवी आली, यातले कुठलेही कारण चालत नाही. यावर कौल लावू द्यायचाच नाही. कुणी तसे बोलले तर पंचांनी गप्प बसू नये. देवळात आणि आवारात पशुबळी देण्यावरही १९५९ पासून कायद्याने बंदी आहे. नवस फेडायला ओटी, नारळ, अन्नदान आहे.

घरच्या निर्णयाला कौल लावावा का? मुलीचे स्थळ, जमीन विकणे, नोकरीसाठी पुण्याला जाणे?

घरच्या गोष्टीला गाभाऱ्यापर्यंत जायची गरज क्वचितच असते. देवघरापुढे बसून करता येते ते आधी करा.

वहीच्या एका पानावर निर्णय एका ओळीत लिहा. खाली तीन रकाने आखा: मला काय माहीत आहे, मला कशाची भीती वाटते, मला काय हवे आहे. जमीन विकायची असेल तर पहिल्या रकान्यात चालू भाव, कर्जाची बाकी, व्याज, उताऱ्यावरची नावे, बहिणींचा हिस्सा एवढे यायलाच हवे. हा रकाना रिकामा असेल तर प्रार्थनेआधी तलाठ्याकडे जा. दुसरा आणि तिसरा रकाना फक्त देवाला दाखवण्यासाठी आहे, म्हणून तो खरा लिहा. भावाला मोठे घर झाले म्हणून आपल्यालाही हवे, असे मनात असेल तर तसेच लिहा.

मग सात दिवस, रोज एकाच वेळी, अर्धा तास. दहा मिनिटे नामस्मरण, दहा मिनिटे ते पान समोर ठेवून गप्प बसणे, उरलेल्या वेळात त्या दिवशी मनाचा कल कुठे होता ते दोन ओळींत लिहिणे. पहिले तीन दिवस ‘हो’ मनात धरून वावरा, पुढचे तीन दिवस ‘नाही’. सातव्या दिवशी सगळ्या ओळी एकत्र वाचा. रोज बदलणारा कल हा भावनेचा असतो. ‘हो’ धरले तेव्हाही आणि ‘नाही’ धरले तेव्हाही मन एकाच बाजूला झुकत राहिले असेल, तर त्याकडे लक्ष द्यावे.

याच आठवड्यात तिघांशी बोला. एक अनुभवी, एक तुमच्या निर्णयाने ज्याचे नुकसान होऊ शकते असा, आणि एक ज्याला तुमच्याकडून काहीच नको आहे असा. यातल्या दुसऱ्याकडे जायला पाय उचलत नाहीत, पण त्याच्याकडे जायचेच.

आणि मुलीच्या स्थळाबाबत: देवाला विचारण्याआधी मुलीला विचारा. तिने ‘नको’ म्हटले की प्रश्न संपला.

गीतेत तर भगवंतानेच अर्जुनाला काय करायचे ते सांगितले. आपल्याला का सांगत नाही?

अठराव्या अध्यायाचा ६३ वा श्लोक बघा. सगळे सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. साक्षात सारथी असूनही निर्णय अर्जुनाचाच ठेवला. मार्गदर्शन मागणे आणि जबाबदारी झटकणे यांतले अंतर त्या श्लोकात आहे. ‘देवाने सांगितले म्हणून केले’ असे म्हणून पंच आपले अंग काढून घेऊ लागले की समजावे, कौल चुकीच्या कारणासाठी लावला होता.

मन शांत झाले म्हणजे देवाची संमती मिळाली का?

नेहमीच नाही. अवघड काम टाळले की मन लगेच शांत होते, आणि ती सुटकेची शांती असते. चार दिवसांनी तीच गोष्ट टोचायला लागली तर ओळखावे. उलट, योग्य निर्णयानंतरही पोटात गोळा येतो, विशेषतः तो कुणाला दुखावणारा असेल तेव्हा. आजारपणात, उपासाच्या दिवशी, भांडणानंतर, सुतकात किंवा रात्री उशिरा मोठा निर्णय घेऊ नये आणि आधी शांतपणे घेतलेला बदलूही नये.

कमिटीच्या बैठकीत देवाचे मार्गदर्शन कसे मागायचे? आमच्याकडे नारळ फोडतात आणि लगेच वादाला सुरुवात होते.

नारळ फोडल्यावर पाच मिनिटे पूर्ण शांत बसा, मोबाइल बंद करून. मग विषय एकच घ्या. सुरुवात सर्वांत लहान वयाच्या सभासदापासून करा. अध्यक्ष आधी बोलला की बाकीचे त्याच्या मागे जातात, आणि लहानांना जे दिसते ते बैठकीत येतच नाही. पहिल्या फेरीत कुणी कुणाला उत्तर द्यायचे नाही. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने आपल्या विरुद्ध बाजूचा एक चांगला मुद्दा सांगायचा. हे जड जाते, पण हट्ट सुटायला याच्यासारखा दुसरा उपाय आम्हाला माहीत नाही.

मतदान घाईने घेऊ नका. पंधरापैकी अकरा एकीकडे आणि चार दुसरीकडे असतील तर त्या चारांना विचारा, ‘कशाने तुमचे समाधान होईल?’ पुष्कळदा ते कामाच्या विरोधात नसतात. मागच्या यात्रेचा हिशेब वाचला गेलेला नसतो, एवढेच. तो आधी वाचा. जमा, खर्च, शिल्लक देवळाच्या फळ्यावर लावा. हिशेब लपवून घेतलेला कौल कसा मानायचा?

वाद चिघळला तर उठून गाभाऱ्यापुढे जा, एक अभंग म्हणा आणि बैठक आठ दिवस पुढे ढकला. माळकरी मंडळींच्या गावांत हे सहज जमते. टाळ वाजू लागले की आवाज खाली येतात.

अध्यक्ष कुणाला करावे?

दासबोधात, विसाव्या दशकाच्या चौथ्या समासात, समर्थांनी सांगितले आहे की चळवळीत सामर्थ्य असते, पण तिथे भगवंताचे अधिष्ठान हवे. ते अधिष्ठान माणसात ओळखायचे ते मोठ्या देणगीवरून नाही. तो हिशेबाची वही न मागता पुढे करतो का, यात्रा संपल्यावर मंडप उतरवायला थांबतो का, विरोधकाच्या घरी दुःखाला जातो का, हे बघा. आपणहून पद मागणाऱ्याला निदान एक वर्ष खजिनदाराच्या हाताखाली काम द्या. दोनच नावे उरली, दोन्ही चांगली आणि गाव अर्धे-अर्धे, तर मात्र चिठ्ठी टाकायला हरकत नाही. हरलेल्याला मग माणसांचा राग येत नाही.

निवडणुकीत कुणाला पाठिंबा द्यायचा यावर कौल लावतात, भंडारा उचलायला लावतात. हे योग्य आहे का?

नाही. मत न दिल्यास देवाचा कोप होईल असे मतदाराला भासवणे हा लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचार आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, पैसे वाटून वर भंडाऱ्याची शपथ घ्यायला लावणे हा देवीचा अपमान आहे. पंचांनी देवळाची किल्ली त्या काळात जबाबदार माणसाकडे द्यावी आणि गाभाऱ्यात उमेदवाराची बैठक होऊ देऊ नये. असली शपथ भीतीने घ्यावी लागलेल्यांना एवढेच सांगतो: मत गुप्त आहे आणि ते तुमच्या विवेकाने द्या.

यात्रेची तारीख देवाला विचारायची की पंचांगाला?

दोन्हींच्या आधी कॅलेंडरला. मार्च-एप्रिलमध्ये दहावीच्या परीक्षा असतात, त्यामुळे लाउडस्पीकर नको. उसाचा गळीत हंगाम चालू असेल तर ट्रॅक्टर आणि माणसे रिकामी नसतात. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीकडे, जूनपासून पावसात मंडप टिकत नाही. शेजारच्या गावाची यात्रा त्याच आठवड्यात असेल तर पाहुणे आणि पोलीस बंदोबस्त दोन्ही वाटले जातात. हे सगळे वगळून उरलेल्या दोन-तीन तारखा पंचांगात बघा. त्यातल्या दोन सारख्याच चांगल्या निघाल्या तर कौल लावा.

आमचे देऊळ मुजराई खात्याकडे, म्हणजे कर्नाटक सरकारच्या देवस्थान खात्याकडे, आहे. तिथे कौलाने कारभार ठरवता येतो का?

कौल लावणे हा पूजेचा भाग म्हणून चालतो, कारभार मात्र १९९७ च्या कर्नाटक हिंदू धार्मिक संस्था कायद्याप्रमाणेच होतो. त्याखालची व्यवस्थापन समिती नऊ जणांची असते आणि तीत मुख्य अर्चकासह महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना जागा असतात. खर्च, लिलाव, दागिने, जमीन यांचे निर्णय समितीच्या ठरावाने आणि खात्याच्या परवानगीने. ‘देवीने सांगितले’ असे ठरावात लिहू नका, कारण लिहा. गुरवाच्या पाळीचा वाद असेल तर त्याच गुरवाच्या हातून कौल घेऊ नये, खात्याकडे अर्ज करावा.

कौलाप्रमाणे केले आणि नुकसान झाले तर?

आधी वही उघडा. म्हणून प्रत्येक कौलाची नोंद ठेवायची: तारीख, तिथी, प्रश्न शब्दशः, गाऱ्हाणे कुणी घातले, पाकळ्या कुणी लावल्या, किती वेळ लागला, उत्तर काय, हजर पाच जणांच्या सह्या किंवा अंगठे. सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्याच पानावर परिणाम लिहा. नुकसान कशाने झाले ते बघा. वर्गणी कमी जमली, मंडपवाल्याने फसवले, पाऊस लवकर आला, की प्रश्नातच काही राहून गेले होते? गुरवाला दोष देऊ नका, त्याने फक्त पाकळी लावली. तूट असेल तर ती घरटी वाटून भरायची की पुढच्या यात्रेपर्यंत देणे ठेवायचे, हे पंचांनी महिन्याच्या आत ग्रामसभेत ठरवावे. ज्या घराला सगळ्यांत जास्त झळ लागली त्याच्या दारात पंचांनी स्वतः जावे.